राउटर बंद-चालू करण्याआधी

आमचं घर देवगडपासून आत, खाडीच्या अंगाला. जांभ्या चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि नेट नेमकं तेव्हाच रुसतं. मुंबईच्या भाच्याला फोन केला की त्याचं ठरलेलं उत्तर : "मावशी, राउटर बंद करून चालू कर." राउटर म्हणजे घरात वायफाय पसरवणारा तो डबा. तीन वर्षं मी तेच केलं. आता सांगते, ते सगळ्यात शेवटी करायचं. एकदा बंद केलं की डब्यावरचे दिवे पुन्हा पहिल्यापासून लागतात, पाच-दहा मिनिटं बरं चालतं आणि बिघडलं काय होतं ते कळायचं राहूनच जातं.

म्हणून आधी दिवे बघा, मोबाईलवर त्यांचा फोटो काढून ठेवा. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावरच्या दिव्यांपाशी 'पॉन' (PON) आणि 'एलओएस' (LOS) अशी अक्षरं असतात. पॉन हिरवा स्थिर हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर वायरीतून प्रकाशच येत नाहीये, घरात बसून डोकं आपटून उपयोग नाही. फक्त डब्याला जोडलेली बारीक वायर कुठे दुमडली-चेपली नाही ना, एवढं पाहा. आमच्याकडे एकदा ती गाद्यांच्या ट्रंकेखाली गेली होती. बाकी वेळा माडावरची माकडं, बाहेरच्या वायरीवर झोके घेतात. वायर उपटून टोकाला डोळा लावू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेसरचा असतो. टोकाला बोटही नको, बोटाचं तेलसुद्धा त्याला बिघडवायला पुरतं.

दिवे सगळे हिरवे आणि तरी नेट नाही? मोबाईलचा डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक 192.168.1.1 असतो, नाहीतर डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर सापडेल. ते पान उघडलं तर तुमचा फोन आणि डबा एकमेकांशी नीट बोलतायत, घोटाळा डब्याच्या पुढे आहे. नाही उघडलं तर वायफाय किंवा डबाच. या एका गोष्टीने माझे निम्मे फोन वाचले.

आता आमच्या डब्याची खरी गंमत. तो मधेच स्वतःहून बंद होऊन चालू व्हायचा. पावसाळ्यात शहाण्यासारखा वागायचा, दिवाळीनंतर पुन्हा सुरू. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने वेळ लिहायला लागले : 6.10, 6.05, 6.20. पंधरा दिवसांनी बघते तर सगळ्या वेळा संध्याकाळच्या. आमचे हे त्या वेळी बागेच्या शिंपणाला विहिरीचा पंप लावतात! पंप उठताना क्षणभर घरातले दिवे मंद होतात, तेवढ्यात राउटर मान टाकायचा. पावसाळ्यात शिंपण नाही, म्हणून तेव्हा तक्रार नाही.

पण पंपाचा दोष नव्हता, दोष राउटरला वीज देणाऱ्या अडॅप्टरचा होता. जुना झाला की आतला कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवून धरणारा भाग, दमतो, मग एवढासा झटकाही त्याला सोसत नाही. हाताला चटका बसेल इतका तापत असेल किंवा आतून किणकिण येत असेल तर तो बदलाच. नवा घेताना जुन्यावर 'आउटपुट' समोर काय छापलंय ते बघून घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत. आमच्यावर 12 होते. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. पिनेचं टोक आणि त्याची प्लस-मायनसची खूणही जुळली पाहिजे. वीज वारंवार जात असेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी त्याला चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो, तो लावा. मोठा इन्व्हर्टर असला तरी वीज गेल्यावर तो उचलून धरायला क्षणभर घेतो, तेवढ्यात डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो.

पाव्हण्यांच्या खोलीत नेट पोचत नाही, ही तक्रार मात्र पावसाळ्यातली. जांभा पाणी पितो आणि ओल्या भिंतीतून वायफाय अडखळत जातं. आमचा डबा माजघरातल्या कोनाड्यात, पुढे पितळेचे डबे, शेजारी लोखंडी कपाट! तिथून काढून मधल्या दाराच्या वर फळीवर ठेवला, तेवढ्यानेच पडवीत दोन काड्या वाढल्या. वायफायच्या यादीत आपल्या डब्याची दोन नावं दिसत असतील, एक 2.4 गिगाहर्ट्झचं आणि एक 5 चं, तर लांबच्या खोलीत 2.4 चं जोडा. 5 वालं वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतं. शेजारची चार नेटं दिसत असतील तर राउटरच्या त्या पत्त्याच्या पानावर 2.4 चं चॅनेल (सिग्नलची वाट) 1, 6 किंवा 11 पैकी मोकळं असेल ते निवडा, एवढेच तिघे एकमेकांच्या पायात येत नाहीत. हवेतून सिग्नल पकडून पुढे फेकणारा रिपीटर मी आणला आणि पस्तावले, वेग निम्म्यावर आला. शेवटी माळ्यावरून लॅनची (डब्याला डबा जोडायची) वायर ओढून पडवीत दुसरा डबा बसवला.

खारा वारा हे आपलं वेगळंच दुखणं. अडॅप्टरची पिन, लॅनच्या वायरीची तोंडं हिरवी पडतात. दोन-तीन महिन्यांनी बटण बंद करून पिना काढा, कोरड्या कपड्याने पुसा, परत घट्ट बसवा. मुंग्यांनाही गरम अडॅप्टर फार आवडतो, तोही झटकून बघा.

वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की अडॅप्टर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन डब्यांमधली लॅनची वायरही सोडवा. फायबरला हात लावू नका, काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही.

आणि डब्यामागचं ते बारीक भोक! सेफ्टी पिनने दाबलं की सगळं 'नवं' होतं म्हणे. मी दाबलं. डबा इतका नवा झाला की कंपनीने आत भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसून गेला आणि चार दिवस आम्ही ऑर्डरी घ्यायला बाजारपेठेत जाऊन उभे राहिलो. ती दोन्ही आधी वहीत उतरवून घेतल्याशिवाय पिन हातात घेऊ नका.

हे सगळं झाल्यावरही नेट येत नसेल तर बंद करा, मिनिटभर थांबून चालू करा, आणि मग कनेक्शनवाल्या पोराला फोन लावा. "नेट चालत नाही" म्हणू नका, त्यावर तो "बंद करून चालू करा काकी" एवढंच म्हणतो. "एलओएस लाल आहे, सकाळी 8 पासून, अडॅप्टर नवा आहे, फोटो पाठवलाय" असं म्हटलं की तो शिडी घेऊनच येतो.