मिसो घालताय? आधी सोयाबीनचं पाणी बाजूला काढा

मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. जपानात घरचा लाल मिसो जानेवारी-फेब्रुवारीत घालतात. थंडीत आंबणं संथ सुरू होतं, उन्हाळ्यात जोर धरतं आणि शरद ऋतूत तो खाण्याजोगा होतो. 1 किलो कोरडे सोयाबीन, 1 किलो तांदळाची कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी, आणि 450 ग्रॅम मीठ. डबा, वजनकाटा वगैरे सांगायला नको. चाळणीखाली रिकामं पातेलं मात्र आत्ताच ठेवा. सोयाबीन शिजवलेलं पाणी मोरीत जाता कामा नये.

सोयाबीन 18 तास भिजवा. शिजवताना अंगठा आणि करंगळीत दाणा सहज चिरडला पाहिजे. त्याआधी उतरवू नका. निथळताना दोन कप पाणी काढून ठेवा. हो, पुन्हा सांगतो, काढून ठेवा.

कोजी सुटी करून मीठ चोळा, मूठभर मीठ वरून घालायला राखा. कुस्करलेलं सोयाबीन 40 अंशांखाली आल्याशिवाय कोजी घालू नका. तिची विकरं स्टार्चची साखर आणि प्रथिनांची अमिनो आम्लं करतात. चटका बसला की गोडवाही गेला, उमामी म्हणजे ती भरदार रुचकर चवही गेली.

आता ते पाणी. गोळा वळताना चिरा पडत असतील तर चमच्या-चमच्याने घाला, कानाच्या पाळीइतका मऊ होईपर्यंतच. कोरडं राहिलं तर आत हवा अडकते, तिथे बुरशी धरते आणि चव जागोजागी वेगळी लागते. फार पातळ केलंत तर मिठाचं प्रमाण उतरून मिसो आंबट होऊन बिघडतो. नळाचं कच्चं पाणी अजिबात नको. म्हणूनच ते दोन कप!

मीठ कमी करायचा मोह होईल. क्योटोच्या पांढऱ्या साइक्यो मिसोत ते 5 टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यात कोजी सोयाबीनच्या दुप्पट असते आणि तो काही आठवड्यांतच खातात. आपला वर्षभर टिकवायचा, तेव्हा शिजलेल्या सोयाबीनसकट सगळ्या मिश्रणाच्या 12 टक्के हवंच. जपानातल्याच ओकाझाकी शहराचा हाच्चो मिसो तर निव्वळ सोयाबीनच्या कोजीचा, लाकडी पिंपांवर दगड रचून दोन वर्षांहून जास्त मुरवलेला. म्हणून तो काळपट, दाट आणि किंचित तुरट. ऊब आणि काळ वाढला की साखर-अमिनो आम्लांची अभिक्रिया रंग गडद करते.

बाकी थोडक्यात. गोळे डब्यात आपटून दडपा, वर राखलेलं मीठ, कापड, किलोभर वजन. सावलीत सहा ते बारा महिने. पांढरी साय आली तर खरवडा. वर साचलेला तामारी, म्हणजे मिसोतून सुटलेला गडद रस, फेकू नका, ढवळून घ्या. चव जमली की फ्रिजमध्ये.