रिकाम्या खुर्चीचा फोटो वाचायचा कसा
पणजीत आल्तिनोवरच्या सुनापरान्त कलाकेंद्रात किंवा डिसेंबरातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात संकल्पनात्मक, म्हणजे दृश्यापेक्षा त्यामागच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या, फोटोसमोर उभे राहिलात, तर आधी बाजूची पाटी वाचू नका. पाटी आधी वाचली की डोळे तेवढंच शोधतात.

तीन मिनिटं नुसतं बघा. दिसतं तेच मनात मोजा: समजा, बाल्कांवात (गोव्यातल्या घराच्या दर्शनी ओट्यावर) एक वेताची खुर्ची, बैठक मधोमध खचलेली, मागे शिंपल्यांची खिडकी बंद. ‘एकटेपणा’ हा शब्द इतक्यात नको. तो निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे. मग विचारा, इथे काय असायला हवं होतं आणि नाही? खचलेली बैठक सांगते की कुणीतरी वर्षानुवर्षं बसत होतं. भावना त्या खळग्यात आहे, अख्ख्या चौकटीत शोधत बसू नका. आता पाटी वाचा आणि फोटोकडे परत या.

काही कलाकृतींत भावनेपेक्षा प्रश्नच मोठा असतो. जोसेफ कोसुथ या अमेरिकन संकल्पनात्मक कलाकाराने १९६५ साली खुर्ची, तिचा फोटो आणि शब्दकोशातला ‘खुर्ची’चा अर्थ शेजारी शेजारी मांडले. तिथे डोळे ओलावले नाहीत तर तुमचं काही चुकलं नाही.

स्वतः काढून बघायचा असेल तर एकच वस्तू घ्या. ट्रायपॉड, आयएसओ १०० (कॅमेऱ्याची उजेडाला कमी संवेदनशीलता), एफ/८ (भिंगाचं मध्यम छिद्र), सकाळचा तिरपा उजेड. फ्लॅश समोरून मारलात तर खळग्याची सावलीच पुसली जाते. खुर्चीवर चष्मा, जपमाळ, वाळलेलं फूल असं सगळं मांडण्याचा मोह होतो, सगळं काढा.