नवा आगार व्यवस्थापक सहा आठवड्यांत कसा तयार करायचा

बस आगाराच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत माणूस बहुधा वाहतूक शाखेतून येतो, नाहीतर कार्यशाळेतून. पहिल्याला गाडी का थांबली ते नीट कळत नाही, दुसऱ्याला फेरी का रद्द झाली ते. पुण्याच्या सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) सारख्या संस्थेत वर्गातलं शिक्षण जरूर घ्यावं, १९६७ पासून ती याच कामासाठी आहे. पण पहाटे साडेचारचं आगार वर्गात शिकवता येत नाही. ते आगारातच शिकवावं लागतं. खालचा क्रम साधारण ६० ते १०० गाड्यांच्या आगाराचा आहे, मग ती एसटी असो की शहर बस.

आधी गेट, मग केबिन

पहिला आठवडा पहाटे ४ ते ८ गेटवर. हातात एक वही आणि तीत पाच रकाने: शेड्यूल (एका गाडीचं ठरलेलं दिवसाचं काम) क्रमांक, सुटण्याची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशिराचं कारण, आणि ते कारण कोणी सांगितलं. शेवटचा रकाना फालतू वाटतो, पण खरं शिक्षण त्यातच आहे. एकाच गाडीबद्दल गाड्या सोडणारा वाहतूक नियंत्रक म्हणतो, "गाडी उशिरा मिळाली", कार्यशाळा म्हणते, "गाडी उभीच होती, चालक आला नाही." निवाडा तीन नोंदींवर करायचा: चालकाच्या सहीची वेळ, गाडी कार्यशाळेतून ताब्यात दिल्याची वेळ, गेटबाहेर पडल्याची वेळ. त्याआधी तिन्ही ठिकाणची घड्याळं जुळवून घ्या. त्यांत चार-पाच मिनिटांचा फरक असला तर आठवडाभराची मेहनत वाया जाते.

वेळापत्रक हाताने बांधायला लावा

सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. एक मार्ग द्या, कागद द्या. समजा १८ किलोमीटरचा मार्ग आहे. दुपारी एका बाजूला ५५ मिनिटं लागतात, टोकाला ५ मिनिटं थांबा. म्हणजे जाऊन-येऊन १२० मिनिटं. दर १५ मिनिटांनी गाडी हवी तर ८ गाड्या लागतात. आता सकाळी साडेनऊला त्याच मार्गावर ७० मिनिटं लागतात. फेरा झाला १५० मिनिटांचा. गाड्या ८ च राहिल्या तर अंतर पावणेएकोणीस मिनिटांवर जातं. १५ मिनिटं टिकवायची तर १० गाड्या हव्यात. बोर्डावर मात्र १५ मिनिटंच लिहिलेली राहतात.

बहुतेक आगारांत दुखणं इथेच असतं. रस्ते तुंबले, सिग्नल वाढले, पण धावण्याची वेळ जुनीच. मग चालक टोकाची विश्रांती खातो, त्यानंतर वेग वाढवतो, आणि तेही जमेनासं झालं की शेवटची फेरी रद्द होते. नोंदवहीत कारण पडतं "वाहतूक कोंडी". प्रशिक्षणार्थीने तीन कामाचे दिवस आणि एक रविवार, दर दोन तासांनी, बसमध्ये बसून वेळ मोजावी. जीपीएसचे आकडे नंतर ताडून पाहावेत. थांब्यावर चढ-उतारीत गेलेला वेळ आणि कोंडीत गेलेला वेळ जीपीएस सहसा वेगळा करून देत नाही.

ड्युटी आणि विश्रांती

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आखलेली चौकट तोंडपाठ हवी: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत, दोन ड्युट्यांमध्ये सलग ९ तास मोकळे. लांब पल्ल्यासाठी वेगळ्या मुभा आहेत. आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, तेव्हा चालू नियम विभागीय कार्यालयातून तपासून घ्यायचे.

नियम पाठ होतात, ते मोडतात कुठे हे दिसत नाही. रात्री ९ ला यायची गाडी ११ ला आली आणि त्याच चालकाची सकाळची ड्युटी ६ ची आहे. मधे उरले सात तास. तो आला तर धोका, नाही आला तर "चालक गैरहजर, फेरी रद्द". कागदावर दोष चालकाचा, मूळ रोटेशनमध्ये, म्हणजे ड्युट्या लावण्याच्या क्रमात. अशा दहा रद्द फेऱ्या निवडून प्रत्येकीचा आदल्या रात्रीपर्यंत माग काढायला सांगा.

डिझेल, बिघाड, उत्पन्न

आगार रोज २२,००० किलोमीटर धावत असेल तर लिटरला ४.५० किलोमीटरवरून ४.४० वर येणं म्हणजे रोजचं सुमारे १११ लिटर जादा डिझेल. सरासरीवर आरडाओरड करून उपयोग नाही. गाडीवार आणि चालकवार यादी काढा. एकच गाडी वेगवेगळ्या चालकांकडे कमी देत असेल तर टायरची हवा, ब्रेक घासणं, एअर फिल्टर बघा. एकच चालक वेगवेगळ्या गाड्यांवर कमी देत असेल तर त्याच्या शेजारी बसून या. ब्रेकडाउन दर १०,००० किलोमीटरमागे मोजतात. महिन्याला ६,६०,००० किलोमीटर आणि ३३ बिघाड म्हणजे ०.५.

भारमानाची, म्हणजे गाडी किती भरते त्याची, सरासरी फसवी असते. सकाळी गाडी ओसंडते, दुपारी अर्धी रिकामी. नवा माणूस दुपारची फेरी कापायला धावतो. त्याला आधी हिशेब मांडायला लावा. १८ किलोमीटरच्या फेरीला ५४० रुपये आले, म्हणजे किलोमीटरला ३०. डिझेल ९० रुपये लिटर आणि ४.५ चा ॲव्हरेज धरला तर डिझेलचा खर्च किलोमीटरला २०. फेरी कापून वाचतं मुख्यतः डिझेल आणि थोडं टायर. चालक-वाहकाचा पगार तसाच राहतो. म्हणजे एकूण खर्चावर "तोट्यातली" दिसणारी ही फेरी कापली तर तोटा वाढतो. शिवाय सकाळी गेलेले विद्यार्थी त्याच फेरीने परततात. ती गेली की सकाळचाही पास जातो.

ई-बस भाडेकरारावर असेल तर करारातली हमी किलोमीटरची (कराराने हमी दिलेल्या किमान अंतराची) आणि दंडाची कलमं वाचून घ्या, आणि दुपारी चार्जरवर किती गाड्या एकदम येतात ते उभं राहून मोजा.

परीक्षा

लेखी पेपर नको. पहाटे साडेचारला चिठ्ठी द्या: शेड्यूल ६२, तयार गाड्या ५८, आणि चालक शेड्यूलपेक्षा ५ कमी. म्हणजे ५७ जोड्या निघतात, ५ गाळायची. कोणती? कच्चा माणूस रिकाम्या राहिलेल्या ड्युट्या जशाच्या तशा गाळतो आणि एकाच मार्गावरच्या लागोपाठ दोन गाड्या गळतात. पक्का माणूस आधी हात न लावायच्या बाजूला काढतो: शाळेची, गावची एकुलती एक, रात्रीची मुक्कामी. मग दाट मार्गाकडे वळतो. ६० मिनिटांच्या फेऱ्यात ६ गाड्या असतील तर एक काढून उरलेल्या ५ दर १२ मिनिटांनी सोडतो. दहाचे बारा झाले तर थांब्यावर कोणी विचारत नाही. दहाचे वीस झाले तर फोन येतो.

शेवटचे तीन दिवस त्याला नियंत्रकाच्या खिडकीत एकट्याला बसवा. जुन्या व्यवस्थापकाने कॅन्टीनमध्ये चहा घेत बसावं, फोन चालू ठेवून, पण स्वतःहून खिडकीशी जाऊ नये.