रशियन विशेषणांची षष्ठी: तक्ता मिटा, शेवटचे अक्षर बघा

रशियन विशेषणे शिकायला बसलेल्या माणसासमोर पहिल्याच दिवशी एक भलामोठा तक्ता येतो. सहा विभक्त्या, तीन लिंगे आणि अनेकवचन, वर कठीण आणि मृदू असे (प्रत्ययाआधीच्या व्यंजनाच्या उच्चारावरून पडणारे) दोन प्रकार, म्हणजे 48 चौकोन. ‘हे पाठ करा’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. पाठ झालेला तक्ता बोलताना आठवत नाही, आणि आठवलाच तर तोवर समोरचा माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. षष्ठीपुरते बोलायचे तर त्या तक्त्यात वेगळे प्रत्यय सहाच आहेत.

नामाची षष्ठी तुम्हाला येते असे धरून चाललो आहे. खालचे रशियन शब्द स्पेलिंगप्रमाणे दिले आहेत. उच्चाराचे शेवटी बघू.

आधी एक मराठी सवय मोडावी लागते. आपण ‘नव्या घराचा दरवाजा’, ‘नव्या घराची खिडकी’, ‘नव्या घराचे छप्पर’ म्हणतो, म्हणजे आपला चा-ची-चे पुढच्या वस्तूकडे बघून बदलतो. रशियन षष्ठी त्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. द्वेर नोवोगो दोमा, ओक्नो नोवोगो दोमा, क्रीशा नोवोगो दोमा: दरवाजा, खिडकी, छप्पर काहीही असो, ‘नोवोगो दोमा’ जसेच्या तसे. विशेषणाने फक्त स्वतःच्या नामाकडे, इथे ‘दोम’कडे, बघायचे. आणि ‘लाल’, ‘सुंदर’ ही मराठी विशेषणे कुठेही न बदलता खपून जातात, तशी सूट रशियनमध्ये जवळजवळ कुणालाच नाही.

पहिले काम नामाचे लिंग ओळखणे. मराठी लिंगावर विसंबू नका. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, ‘क्नीगा’ मात्र स्त्रीलिंगी. खिडकी स्त्रीलिंगी, ‘ओक्नो’ नपुंसकलिंगी. षष्ठीत पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांचा प्रत्यय एकच असतो, तेवढी डोकेदुखी कमी.

आता खरी अडचण: पुल्लिंगी-नपुंसकलिंगी नामाबरोबर ‘ओगो’ लावायचा की ‘एगो’? इथे ‘मृदू विशेषण असेल तर एगो’ एवढेच सांगून मोकळे होतात, आणि शिकणारा शब्दाच्या शेवटी ‘ई’ ऐकू आली की एगो चिकटवतो. मग ‘मालेन्केगो’, ‘रूस्केगो’ असली रूपे तयार होतात. ती रशियनमध्ये नाहीत.

घोळ कशाने होतो ते नीट समजून घ्या. रशियनमध्ये ‘ई’ दोन आहेत. एक साधी (и), आपल्या मराठी ईसारखी. दुसरी जड (ы), जीभ मागे ओढून काढायची. क, ग, ख, झ, श, च, श्च या सात व्यंजनांपुढे जड ई लिहायचीच नाही असा लेखनाचा नियम आहे. त्यामुळे ‘रूस्की’ हे कठीण विशेषण असूनही त्याला साधी ई घ्यावी लागते आणि ते ‘सीनी’ (निळा) या खऱ्या मृदू विशेषणासारखे दिसू लागते. दोघांचा वेश एक, जात वेगळी.

म्हणून शब्दकोशातले पुल्लिंगी प्रथमेचे रूप घ्या आणि शेवट तपासा. शेवटी ‘ओय’ असेल तर डोळे मिटून ओगो: बोल्शोय – बोल्शोगो, मोलोदोय – मोलोदोगो, चुझोय – चुझोगो. शेवटी जड ई असेल तरी ओगो: नोवी – नोवोगो. (‘कुत्सी’, म्हणजे तोकडा, असे एखाददुसरे ‘त्स’वाले विशेषण याला अपवाद आहे, ते भेटेल तेव्हा बघा.) शेवटी साधी ई असेल तरच थांबा आणि तिच्या आधीचे व्यंजन बघा. ते क, ग किंवा ख असेल तर ओगो: मालेन्की – मालेन्कोगो, स्त्रोगी – स्त्रोगोगो, तीखी – तीखोगो. दुसरे कुठलेही असेल तर एगो: सीनी – सीनेगो, पोस्लेद्नी – पोस्लेद्नेगो, खोरोशी – खोरोशेगो, गोर्याची – गोर्याचेगो.

‘बोल्शोगो’ आणि ‘खोरोशेगो’ दोन्हीत ‘श’ आहे, मग प्रत्यय वेगळे का? आघातामुळे, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो त्यामुळे. झ, श, च, श्च यांच्यानंतर प्रत्ययावर आघात असेल तरच ‘ओ’ टिकतो, नाहीतर त्याचा ‘ए’ होतो. पण आघात वेगळा पाठ करत बसू नका. प्रत्ययावर आघात असलेल्या विशेषणाची प्रथमाच ‘ओय’ने संपते, म्हणजे वरच्या पहिल्याच तपासणीत ते पकडले जाते. ‘त्रेती’ (तिसरा) तेवढा वेगळा लक्षात ठेवा: एगोच लागतो, पण त्याआधी मृदू चिन्ह (ь हे अक्षर) येते.

स्त्रीलिंग एका ओळीचे: जिथे ओगो तिथे ओय, जिथे एगो तिथे एय, नोवोय क्नीगी, सीनेय.

अनेकवचनात लिंग बघायचेच नाही. शब्दकोशातल्या रूपात जी ई आहे तिलाच ‘ख’ जोडा: नोवीख, सीनीख, रूस्कीख. ‘ओय’वाल्यांना जड ई, मात्र वरच्या सात व्यंजनांपुढे साधी: मोलोदीखमध्ये जड, बोल्शीखमध्ये साधी.

आकडे आले की जाणकारही अडखळतात. दोन, तीन, चार यांच्यापुढे नाम षष्ठी एकवचनात जाते, पण पुल्लिंगी-नपुंसकलिंगी नामाचे विशेषण षष्ठी अनेकवचनात: द्वा नोवीख दोमा. ‘द्वा नोवोगो दोमा’ चूक. जुळवून घ्यायचा मोह होतो, तो आवरा. स्त्रीलिंगी नाम असेल तर विशेषण बहुधा प्रथमा अनेकवचनात ठेवतात: द्वे नोवीये क्नीगी. पाच ते वीस या आकड्यांपुढे दोघेही षष्ठी अनेकवचनात, प्यात नोवीख दोमोव, आणि भांडण मिटते.

सजीव कर्माचे मात्र मराठी माणसाला सोपे जाते. आपण ‘नवे घर पाहतो’ पण ‘नव्या विद्यार्थ्याला पाहतो’ म्हणतो. रशियनमध्येही तसेच: वीझू नोवी दोम, पण वीझू नोवोगो स्तुदेन्ता. सजीव पुल्लिंगी कर्म षष्ठीचे रूप घेते, सजीव अनेकवचनही. स्त्रीलिंगी एकवचन घेत नाही.

सराव ‘न्येत’ (नाही) या शब्दाने करा, कारण त्याच्यापुढे षष्ठी सक्तीची असते. हे वाक्य तोंडात बसवा: ऊ मोयेगो स्तार्शेगो ब्राता न्येत नोवोय माशीनी, माझ्या मोठ्या भावाकडे नवी गाडी नाही. स्तार्शीत ‘श’ आणि साधी ई, म्हणून एगो. माशीना स्त्रीलिंगी, म्हणून ओय. आता भाऊ, गाडी, विशेषणे बदलत राहा. ‘चाश्का च्योर्नोगो कोफे’ (काळ्या कॉफीचा कप) हेही घ्या: ‘कोफे’ कधीच बदलत नाही, त्यामुळे विभक्तीचा सगळा भार विशेषणावर येतो आणि चूक लपत नाही.

उच्चार: या प्रत्ययांतला ‘गो’ कधीच ‘गो’ म्हणायचा नाही, ‘वो’ म्हणायचा, आणि आघात नसेल तर तो ओझरता ‘वा’ होतो. ‘सेगोद्न्या’ (आज) हा शब्द मुळात ‘या दिवसाचा’, म्हणून तोही ‘सिवोद्न्या’. पण प्रत्येक ‘ग’चा ‘व’ करू नका. ‘म्नोगो’ (पुष्कळ) आणि ‘दोरोगो’ (महाग) या क्रियाविशेषणांत ‘ग’च राहतो. ‘दोरोगोगो’ (महागाचे) लिहून बघा: पहिला ग ‘ग’, दुसरा ‘व’, उच्चार ‘दारागोवा’.

तारखाही षष्ठीतच सांगतात: ‘5 मे रोजी’ म्हणजे ‘प्यातोगो माया’. 25 असेल तर फक्त शेवटचा शब्द बदलतो: द्वाद्त्सात प्यातोगो. रस्त्यांच्या पाट्यांवर ‘ऊलित्सा गोर्कोगो’ (गोर्कीचा रस्ता) किंवा ‘ऊलित्सा तोल्स्तोगो’ दिसेल, कारण ही आडनावे विशेषणासारखी चालतात. ‘ऊलित्सा चेखोवा’ मात्र नामासारखी. तिथे ओगो शोधू नका.