डायजेस्टला गठ्ठा म्हणेपर्यंत

पहिल्या रात्री मी साठेक वाक्यं मराठीत केली आणि स्वतःवर भलतीच खूश होऊन झोपले. त्यातली निम्म्याहून जास्त पुढे खोडावी लागली. इंग्रजी मला कळत होतं, मराठी तर घरचीच. ज्या सॉफ्टवेअरची ती वाक्यं होती ते मात्र मी एकदाही वापरलं नव्हतं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणून आधी हेच सांगून टाकते.

सॉफ्टवेअर म्हणजे ग्नू मेलमन. मेलिंग लिस्ट चालवायची तर हे लागतं: एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या सभासदांना पोचतो आणि संग्रहातही राहतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे, १९९०च्या दशकात सुरू झालेलं. पायथनच्या मेलिंग लिस्ट यावरच चालतात. विकिमीडियाच्याही, त्यांनी २०२१ मध्ये जुनं मेलमन सोडून मेलमन ३ घेतलं. ‘आजकाल मेलिंग लिस्ट वापरतं कोण?’ हा प्रश्न मला मामेभावाने विचारला होता. उत्तर असं की मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातली बरीच बोलणी अजून तिथेच होतात.

२००२ च्या अखेरीस आलेल्या २.१ आवृत्तीपासून मेलमन अनेक भाषांत बोलू लागलं. तेव्हा प्रत्येक भाषेचं अक्षरसंकेतन, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची रीत, निराळं होतं, जपानीचं एक, रशियनचं दुसरं, आणि एका मेलमध्ये दोन भाषा आल्या की गोंधळ ठरलेला. २०१५ च्या मेलमन ३ मध्ये आतला मजकूर यूनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच संकेतनावर आला. आपण उशिरा पोचलो ते एका अर्थी बरंच झालं.

कामाची पद्धत सोपी आहे. अनुवाद वेबलेट नावाच्या संकेतस्थळावर होतो. खातं उघडायचं, प्रकल्प शोधायचा, भाषा निवडायची. एका चौकटीत इंग्रजी वाक्य दिसतं, खालच्या चौकटीत आपलं लिहायचं. मागे ‘गेटटेक्स्ट’ या अनुवादाच्या साधनाची पीओ फाइल असते, मूळ वाक्यं आणि त्यांचे अनुवाद ठेवणारी, पण सुरुवातीला तिच्याकडे बघायची गरज नाही. एक गोष्ट मात्र खातं उघडण्याआधी ठरवा: कोणतं नाव आणि कोणता ईमेल पत्ता द्यायचा. तुमचा अनुवाद मूळ कोडच्या इतिहासात जातो तेव्हा नाव-पत्ताही सोबत जाऊ शकतो, आणि तो इतिहास सगळ्या जगाला खुला असतो. मी घाईत घरचा पत्ता दिला होता.

मेलमन ३ चे मुख्य भाग तीन. ‘कोअर’ मेल पाठवतं, ‘पोस्टोरियस’ म्हणजे लिस्ट चालवणाऱ्यांची पानं, ‘हायपरकिटी’ म्हणजे संग्रह. सुरुवात हायपरकिटीपासून करा. वाक्यं छोटी, आणि कुठल्याही सार्वजनिक संग्रहात जाऊन ती पडद्यावर कुठे दिसतात ते बघता येतं. ‘थ्रेड’ला, म्हणजे एका विषयावरच्या मेल-उत्तरांच्या साखळीला, ‘धागा’ म्हणायचं हे मराठी संकेतस्थळांवर वावरणाऱ्यांनी कधीच ठरवून टाकलंय, तिथे डोकं खाजवू नका.

मी सुरुवात पोस्टोरियसपासून केली आणि पहिल्याच पानावर आपटले. एका ओळीत नुसता शब्द होता: ‘ओपन’. मी लिहिलं, ‘उघडा’. नंतर कळलं की तो सभासद होण्याच्या धोरणांतला एक पर्याय आहे. कोणीही यावं, की आधी ईमेल पत्त्याची खातरजमा व्हावी, की नियंत्रकाने मंजुरी द्यावी, की खातरजमा आणि मंजुरी दोन्ही हव्यात, असे ते पर्याय. म्हणजे लिस्टच्या धोरणापुढे मी ‘उघडा’ लिहून ठेवलं होतं. कपडे घालायचे राहून गेल्यासारखं. ‘सर्वांना खुला प्रवेश’ असं केल्यावर जीव भांड्यात पडला.

एकटाच शब्द आला की हात आवरा. तो नाम आहे की क्रियापद, बटणावर आहे की शीर्षकात, हे वेबलेटवर त्या वाक्याच्या बाजूला दिलेल्या फाइलच्या नावावरून बऱ्याचदा कळतं. नाही कळलं तर तिथेच प्रश्न टाका. एकच इंग्रजी शब्द दोन अर्थांनी वापरला असेल तर कोड लिहिणाऱ्यांना त्याला वेगवेगळा संदर्भ जोडता येतो. ही सोय गेटटेक्स्टमध्ये आहे. इंग्रजीवाल्यांना तो प्रश्नच पडलेला नसतो, म्हणून तो आपण विचारायचा. माझ्या मते शंभर वाक्यं करण्यापेक्षा असा एक प्रश्न जास्त कामाचा.

मग आले रोखून धरलेल्या मेलचे पर्याय. नियंत्रकासमोर एखादा मेल थांबलेला असतो आणि त्याने काय करायचं याची बटणं असतात. त्यातली दोन, ‘रिजेक्ट’ आणि ‘डिस्कार्ड’, शब्दकोशाच्या भरवशावर मी जवळजवळ सारखीच केली होती: ‘नाकारा’ आणि ‘रद्द करा’. फरक मोठा आहे. पहिल्यात पाठवणाऱ्याला नकार कळवला जातो, दुसऱ्यात मेल गुपचूप केराच्या टोपलीत. चुकीचं बटण दाबलं तर एखाद्या भल्या माणसाला आपला मेल कुठे गेला ते कधीच कळणार नाही, किंवा रद्दी मेल धाडणाऱ्याला उलट निरोप जाईल. आता तिथे ‘नकार कळवा’ आणि ‘न कळवता टाकून द्या’ आहे. बटण थोडं लांब झालं, होऊ दे.

‘डायजेस्ट’ने तर महिनाभर छळलं. मी ‘गोषवारा’ लिहिलं होतं, त्याआधी ‘सारसंग्रह’. दोन्ही ऐकायला भारदस्त. शेवटी स्वतः एका लिस्टची सभासद झाले, तो पर्याय निवडला, आणि मेल आला तेव्हा कळलं की त्यात सार-बीर काही नसतं. जमलेले सगळे मेल जसेच्या तसे एकत्र बांधून येतात. हा तर गठ्ठा! ‘मेल एकेक करून नको, एकगठ्ठा पाठवा’ असं लिहिलं आणि आईलासुद्धा एका वाचनात समजलं.

आईचा उल्लेख आला म्हणून सांगते, घरातला एक वाचक हाताशी ठेवा. स्वागताचा मेल तिला वाचायला दिला तर म्हणाली, “यादी कसली गं, वाण्याची?” त्या दिवसापासून मी ‘यादी’ सोडून ‘लिस्ट’ लिहिते. काही जण नाराज होतील याची कल्पना आहे.

मराठीची खरी परीक्षा जागाधारकांत होते. वाक्यात मध्येच डॉलर चिन्ह लावलेलं किंवा टक्के चिन्ह आणि कंस असलेलं इंग्रजी नाव येतं. मेल जाताना तिथे लिस्टचं किंवा माणसाचं नाव बसतं. ते अक्षरही न बदलता ठेवायचं. मी एकदा डॉलरपुढचं नावसुद्धा मराठीत केलं होतं, आणि चाचणीच्या मेलमध्ये नावाच्या जागी तोच डॉलर आणि तेच मराठी अक्षर उमटलं.

ते जपलं तरी अडचण उरतेच. आपल्याकडे प्रत्यय लागताना नाम बदलतं: पुणे, पण पुण्यात. जागाधारकात कुठलं नाव येईल ते आधी माहीत नसतं, त्याचं सामान्यरूप कोण करणार? वर प्रत्यय सुटा पडतो, ‘अमुक मध्ये’, ‘तमुक चा’. उपाय असा की नावाला हातच लावायचा नाही. नाव अवतरणात ठेवायचं आणि प्रत्यय पुढच्या शब्दाला द्यायचा: “‘अमुक’ या लिस्टमध्ये”, “‘तमुक’ या सभासदाचा”.

लिंगाचंही तसंच. ‘तुम्ही सभासद झाला आहात’ लिहिलं की अर्ध्या वाचक बाहेर राहतात. ‘तुमची नोंदणी झाली आहे’ म्हटलं की क्रियापद नोंदणीच्या मागे जातं आणि समोरची व्यक्ती कोण, हा प्रश्नच येत नाही. हे वळण हाताला बसलं की निम्मी वाक्यं आपोआप सुटतात.

माझी सगळ्यात महागडी चूक खातरजमेच्या मेलमधली. त्यात एक ओळ आज्ञा म्हणून द्यावी लागते, ‘कन्फर्म’ हा शब्द आणि पुढे एक लांबलचक खूण. मी उत्साहाने ‘कन्फर्म’चंही मराठी केलं. स्वतःच्या संगणकावर मेलमन बसवून मामेभावाला चाचणीला बसवलं होतं. त्याने ती मराठी ओळ इमानेइतबारे उतरवून पाठवली आणि नोंदणी काही झाली नाही. त्या आज्ञा सॉफ्टवेअरला इंग्रजीतच कळतात. तो शब्द वाचणाऱ्यासाठी नव्हताच, यंत्रासाठी होता. वाक्य माणसाला उद्देशून आहे की यंत्राला, हे आता मी आधी बघते.

त्याच चाचणीत मेलचा विषय मराठीत टाकला तर मूळ मेलमध्ये त्याचे तुकडे झालेले दिसले, प्रत्येकाच्या आगेमागे ‘=’ आणि ‘?’ ही चिन्हं. मी घाबरले, पण हा बिघाड नव्हता. मेलचे मथळे मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होते, म्हणून इतर लिपी आरएफसी २०४७ या नियमाने सांकेतिक रूपात जातात, आणि एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे यूनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. आकडेमोड केली तर एका तुकड्यात आपली जेमतेम १५ चिन्हं मावतात, आणि वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते: ‘विषय’ आपल्याला तीन अक्षरांचा, संगणकाला चार चिन्हांचा. वाचणाऱ्याचा मेल-प्रोग्राम ते पुन्हा जोडतो. म्हणून मेलच्या विषयाची वाक्यं मी आखूडच ठेवते.

पैशाचं विचाराल तर यात काही मिळत नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र मी सामान्यरूपाची हीच गोष्ट सांगितली होती आणि पुढचा अर्धा तास गप्पा त्यावरच झाल्या. आता सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आणि कोणी वाक्याचे तुकडे कोडमध्ये चिकटवून जोडलेले दिसले की लगेच हटकते.

एक सवय लावून घ्या: नवी आवृत्ती येण्याआधी आपली भाषा पुन्हा चाळायची. इंग्रजी वाक्यात एक शब्द जरी बदलला तरी जुन्या अनुवादावर ‘तपासणी हवी’ अशी खूण पडू शकते, आणि अशी वाक्यं गेटटेक्स्ट एरवी वापरतच नाही. तिथे पुन्हा इंग्रजी दिसू लागतं.

‘बाउन्स’ अजून सुटलेला नाही. ‘परत आलेला मेल’ इथवर ठीक, पण सभासदाच्या पत्त्यावरून मेल परत येत राहिले की त्याच्या नावावर ‘बाउन्स स्कोअर’ चढतो. मूळ मांडणीत तो पाचापर्यंत गेला की मेल पाठवणं थांबतं, मग इशारे जातात. याला गुण म्हणावं तर शाबासकीसारखं वाटतं. मामेभाऊ म्हणतो, ‘परतखूण’. आई म्हणते, शाळेत दांड्या मोजायचे तसंच आहे की हे. दोन्ही वहीत लिहून ठेवलेत, चौकट तूर्त कोरी आहे.