रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडकतोय? या चुका टाळा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची बरीच शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि काही महिन्यांनी परत मिळतात. त्यानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते: घोडा ओढला तर सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता गोल भाग) फिरत नाही, किंवा फिरला तरी अडखळतो. एखादा भाग मोडला असेल असं मालकाला वाटतं. बहुतेक वेळा दोष ओलीचा, जुन्या तेलाचा आणि मळाचा असतो. खरं नुकसान होतं ते पुढच्या अर्ध्या तासात, मालक घरात पेचकस शोधायला लागतो तेव्हा.

कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहे, म्हणून तेच डोळ्यांसमोर ठेवतो. कडी दाबली की त्याची नळी खाली झुकते आणि मधली चांदणीच्या आकाराची चकती काडतुसं वर उचलते. आधी सगळी काडतुसं काढा आणि थेट दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग उजेडात सिलिंडरमधली सहाही घरं, म्हणजे काडतुसं बसतात ती भोकं बघा, बोटानेही चाचपा. ‘रिकामंच आहे’ हे पाठ असलेलं वाक्य इथे चालत नाही.

भरलेलं रिव्हॉल्व्हर उघडतच नसेल तर? मग घरी काहीच करायचं नाही. ठोकायचं नाही, चाप दाबून बघायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला ठेवून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला फोन करा. तसंच हातात घेऊन रस्त्याने निघू नका.

रिकामं असेल तर सगळ्यात आधी त्या चांदणीखाली बघा. न जळलेल्या दारूचे बारीक कण तिथे साचतात. चांदणी पूर्ण बसत नाही, सिलिंडर मागच्या पोलादी भिंतीवर घासतो आणि हालचाल जड होते. जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं एवढ्यावर हे सुटतं. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काजळीही काढा. मात्र चकाकी येईपर्यंत पॉलिश पेपरने घासू नका. वरचा काळा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

तेलाची चूक तर घरोघरी. खोबरेल थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. गंज सोडवणारा स्प्रे भसाभसा मारला तर तो थोड्या वेळाने उडतो, आणि काडतुसाजवळ मारला तर त्याच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीत झिरपून ते फुसकं करू शकतो. बंदुकीचं पातळ तेल एक-दोन थेंब पुरतं. घरांच्या आत तेल राहू देऊ नका, पुसून कोरडी करा. चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवून कपाट बंद करणं ही कोकणातली आणि मुंबईतली खास चूक. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात, आणि पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. असं काडतूस सिलिंडरच्या घरात अडकलं की दोष मात्र रिव्हॉल्व्हरला.

रिकामं असताना सिलिंडर सुरळीत फिरतो आणि भरलं की अडतो, असं असेल तर काडतुसं तपासा. टोपी बुडाच्या वर उचललेली असली तरी ती मागे घासते. तसं काडतूस बाजूला काढा. टोपी दाबून बसवायला जाऊ नका.

रेंजवर चाप दाबला आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत किंवा सिलिंडर-नळीच्या फटीत अडकलेली असू शकते, आणि दुसरी गोळी झाडली तर नळी फुटू शकते. बार उडालाच नाही तर नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबा. लगेच पुन्हा चाप ओढला की सिलिंडर फिरतो आणि ते काडतूस नळीसमोरून सरकतं. ते उशिराने पेटलं तर काय होईल, कल्पना करा.

सिनेमातल्यासारखं उघडलेलं रिव्हॉल्व्हर झटक्याने मिटवणंही सोडा. बिजागरी आणि कडी ढिली होते. .२२ च्या रिव्हॉल्व्हरचा रिकामा चाप तर उगाच ओढूच नका, त्याची पिन घराच्या कडेवर आपटते.

साफसफाईनंतर एक चाचणी करा. रिकामं असताना घोडा सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खटकन जागेवर बसायला हवा. बसत नसेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. त्यातून गोळी झाडायची नाही. इथे कानस घेऊन सिलिंडर फिरवायचे, चांदणीमागचे दात घासणारे महाभाग आहेत. दात एकदा गेला की गेला. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ नुसार दुरुस्तीच्या कामालाही परवाना लागतो, त्यामुळे गल्लीतला लेथवाला यातून बाद.

विक्रेत्याकडे रिकामं शस्त्र आणि परवाना घेऊन जा. जाण्यापूर्वी एवढं बघून ठेवा: अडतं ते एकाच घराला की सहाही घरांना? एकाच ठिकाणी असेल तर कारागीर त्या घराचा काठ किंवा त्याचा दात बघेल, सगळीकडे असेल तर सिलिंडर ज्यावर फिरतो तो आस किंवा सिलिंडर ढकलणारा खटका.