फवारणीला हात घालण्याआधी गाव एकदा बसू द्या

पोळा झाला, कपाशी छातीला लागली. आता तुडतुडे आणि बोंडअळीसाठी फवारण्या सुरू होतील. २०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा अजून विसरलेला नाही. फवारणीच्या विषबाधेने त्या वर्षी २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर. त्यात एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवलेली.

औषध विकतो एक, विकत घेतो दुसरा आणि अंगावर घेतो तिसराच, बहुधा मजूर. म्हणून एकट्याच्या काळजीने भागत नाही. या आठवड्यात ग्रामपंचायतीत बसा. कृषी सहायक, कृषी केंद्रवाले, आशाताई, पोलीस पाटील यांना बोलवाच, पण फवारणी करणारे मजूर नसतील तर बैठक पुढे ढकला. खरी अडचण तेच सांगतील.

पहिली गोष्ट मजुरीची. फवारलेल्या पंपांच्या हिशेबाने पैसे मिळाले की माणूस भर उन्हातही थांबत नाही. दिवसाची मजुरी ठरवून द्या, म्हणजे सकाळी आणि ऊन कलल्यावरच काम होईल. मास्क, हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा मालकाने द्यावा. सगळ्यांना परवडत नसेल तर गटाने दोन-चार संच घेऊन आळीपाळीने वापरा, वापरून झाले की धुवा. शिफारस नसलेलं मिश्रण दुकानदाराने देऊ नये, हे त्याच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायची सवय फार जुनी आहे. खिशात जुना टूथब्रश ठेवा. औषधाच्या हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा तर तोंडात मुळीच टाकू नका.

कुणाची फवारणी कधी, हे आशाताईंना आदल्या दिवशी कळवा. डोळ्यांपुढे धूसर दिसणं, मळमळ, लाळ, दरदरून घाम यांतलं काहीही जाणवलं की पंप खाली. त्याला मोकळ्या हवेत आणा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. दूध-तूप पाजू नका, उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर गावातली कुणाची गाडी निघेल, हे बैठकीतच ठरलेलं असावं. औषधाचा डबा लेबलसकट सोबत न्या. कोणतं विष अंगात गेलं, हे डॉक्टरांना त्यावरूनच लगेच कळतं.